तळघराची खेळखोली : बेळगावच्या पावसात टिकेल अशी

बेळगाव परिसरात चढउताराच्या जागेवर बांधलेल्या अनेक घरांना मागच्या अंगाने अर्धे जमिनीत गेलेले एक दालन असते. घर बांधताना ते गाडीसाठी म्हणून काढले जाते. पण गाडी पुढच्या दारी रस्त्यावरच उभी राहते आणि त्या दालनात जुन्या ट्रंका, गणपतीच्या आराशीचे साहित्य, मोडकी सायकल, रंगाचे अर्धवट डबे आणि पाण्याचा पंप यांचा संसार थाटला जातो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुले वरच्या खोल्यांत कोंडली जातात, सोफ्यावरून उड्या मारतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी घरातल्या कोणाच्या तरी मनात येते की खालची जागा साफ करून तिची खेळखोली का करू नये.

ही कल्पना चांगलीच आहे. मात्र तळघर म्हणजे घराची आणखी एक खोली नव्हे. तळघराच्या तीन बाजूंना माती आहे, मातीत पाणी आहे, आणि हवा जाण्यायेण्याच्या वाटा मोजक्या आहेत. म्हणून कामाचा क्रम पाणी, हवा, वीज, जमीन आणि शेवटी खेळणी असाच ठेवावा लागतो. आम्ही आमच्या घरी तो उलटा धरला होता. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भिंतींना पिवळा आणि निळा रंग दिला, खाली चकचकीत विनाइल चिकटवले, आणि पुनर्वसूचा तरणा पाऊस लागल्यावर तो रंग तळलेल्या पापडासारखा फुगून आला. नंतर सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून काम करावे लागले. पुढील मजकूर त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवावर आधारलेला आहे.

कागद आणि उंची

राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराचे उपयोग सामानाची साठवण, यंत्रसामग्री, वाहनतळ अशा मोजक्याच गोष्टींपुरते ठेवलेले आहेत. त्यामुळे महानगरपालिकेने, नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने मंजूर केलेल्या नकाशात तुमच्या तळघरापुढे काय लिहिले आहे ते आधी पाहावे आणि परवानाधारक अभियंत्याला दाखवावे. भिंत पाडणे, नवी खिडकी फोडणे किंवा गाडीची जागा कायमची बंद करणे असे बदल करायचे असतील, तर ही भेट टाळू नये. खेळखोली दिवसा वापरण्याची जागा म्हणूनच आखावी. तिथे पाहुण्यांना झोपवण्याचा विचार सोडून द्यावा. शौचालयही शक्यतो तिथे काढू नये, कारण तळघराची जमीन बहुधा रस्त्यावरच्या गटारापेक्षा खाली असते, आणि गटार तुंबले की पाणी सर्वांत खालच्या भांड्यातूनच वर येते.

जमिनीपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत आठ फूट उंची मिळत असेल तर काम सुरू करण्यात अर्थ आहे. ती सात फूट भरत असेल, तर जमीन फूटभर खणून उंची वाढवण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. हा सल्ला धोकादायक आहे. भिंतीलगत खणताना पायाच्या खालची किंवा बाजूची माती सुटली, तर वरचे सगळे घर त्याची किंमत मोजते. उंची कमी असलेल्या तळघरात लहान मुलांचा बसून खेळण्याचा कोपरा करावा आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागांतील जुन्या वाड्यांत तळघराच्या जमिनीत धान्याचे पेव, म्हणजे धान्य साठवण्याचा खड्डा, असू शकते. पेव उघडून लगेच आत उतरणे जिवावर बेतते, कारण बंद पेवात साठलेल्या धान्यामुळे प्राणवायू कमी होतो आणि कर्बवायू तळाशी साचतो. तोंड सापडले तर अभियंत्याच्या देखरेखीखाली ते मुरमाने थरावर थर ठोकून भरून घ्यावे. नुसती फरशी टाकून झाकू नये.

एक पावसाळा नुसते पाहण्यात घालवावा

दिवाळीनंतर काम सुरू करायचे असेल, तर त्याच्या आधीचा पावसाळा निरीक्षणासाठी राखून ठेवावा. सामान बाहेर काढून तळघर रिकामे करावे आणि मृगापासून हस्तापर्यंत आठवड्यातून एकदा भिंतींवरून हात फिरवावा. ओल जिथे दिसेल तिथे खडूने रेघ मारून तारीख घालावी. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे आपला तरणा आणि म्हातारा पाऊस, साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत असतो. तेवढ्या दिवसांत भिंतीवर उमटलेले नकाशे तुमच्या तळघराची खरी कुंडली असतात.

घराच्या आवारात किंवा शेजारी आड असेल तर आणखी एक सोपे मोजमाप करता येते. दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मे महिन्यात आणि पुन्हा जुलैअखेरीस मोजावे आणि ते तळघराच्या जमिनीच्या पातळीशी ताडून पाहावे. जुलैत आडातले पाणी तळघराच्या जमिनीपेक्षा वर येत असेल, तर तुमचे तळघर म्हणजे पाण्यात ठेवलेले भांडे आहे, आणि त्याचा उपाय निव्वळ रंगरोगणाने होणार नाही. पाणी सहा-सात फूट खालीच राहत असेल, तर दिसणारी ओल बहुधा वरून, म्हणजे गच्चीच्या किंवा अंगणाच्या पाण्यातून येत आहे. हे निदान फुकट होते आणि पुढचे बरेच पैसे वाचवते.

ओल बाहेरून मुरते आहे की आतल्या दमट हवेची आहे, हेही ठरवावे लागते. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला असतील, तर पाणी भिंतीतून येत आहे. ते खोलीकडच्या अंगाला असतील, तर बाहेरची दमट हवा गार पृष्ठभागावर निथळत आहे. असाच एक तुकडा जमिनीवरही लावावा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आषाढ-श्रावणात दिवसदिवस ऊन पडत नाही, कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी येते. अशा हवेत दोन्ही कारणे एकत्र असणेही अगदी शक्य आहे.

भिंतीवर पांढरी भुकटी सुटत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर ती केवळ झाडून पुढे जाऊ नये. पाणी भिंतीतून येताना क्षार सोबत आणते आणि स्वतः उडून जाताना ते पृष्ठभागावर टाकते. लोण्याची वरची सीमा जिथे थांबते, साधारण तिथपर्यंत पाणी चढते असे समजावे.

मातीचा स्वभाव

आपल्या सीमाभागात माती एकसारखी नाही, म्हणून शेजारच्या गावातील नातेवाइकांनी जे केले तेच आपल्याकडे चालेल असे धरू नये. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूर तालुक्यात तांबडी माती आणि जांभा आहे. घरेही चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या दगडाची. चिरा पाणी पितो आणि ते आडव्या दिशेने बरेच लांब नेतो, त्यामुळे भिंतीवर ओल एका जागी दिसते आणि पाणी आत शिरण्याची जागा चार हातांवर असते. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात तर पाऊसच इतका असतो की पूर्ण जमिनीखालच्या तळघराला माझा सल्ला विचाराल तर मी नाहीच म्हणेन. उताराकडची बाजू उघडी असलेले अर्धे तळघर तिथे चालू शकते.

पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्तीकडे पाऊस कितीतरी कमी, पण माती काळी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथल्या तळघराच्या भिंतीवर पाण्याइतकाच मातीच्या फुगण्याचाही दाब येतो. अशा भिंतीतली तडा दरवर्षी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात थोडी हलते. ती सिमेंटने बुजवली तर पुढच्या वर्षी शेजारी नवी तडा उघडते, म्हणून तिथे लवचिक राहणारे सीलंट, म्हणजे फटी बुजवण्याचा लगदा, वापरावे. तडा आडवी असेल आणि भिंत आत फुगलेली दिसत असेल, तर खेळखोलीचा विषय बाजूला ठेवून आधी अभियंत्याला बोलवावे.

पाणी बाहेरच अडवणे

या भागावर खर्च केलेला रुपया आत वाचतो, हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण मिस्त्री सहसा आतूनच काम सुचवतात. बाहेरचे काम दिसत नाही, त्याचा फोटो काढता येत नाही आणि घरमालकाला ते पैसे मातीत घातल्यासारखे वाटतात.

हिशेब करून पाहावा. ३० बाय ४० च्या प्लॉटवरील घराची गच्ची १,००० चौरस फूट धरली, तर ती सुमारे ९३ चौरस मीटर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या गच्चीवरून सुमारे ९,३०० लिटर पाणी खाली येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या दिवसांत बेळगाव जिल्ह्याने जो पाऊस पाहिला, त्याच्यापुढे हा हिशेब काहीच नाही. गच्चीचा पाइप घराच्या कोपऱ्यात, नेमका तळघराच्या भिंतीशी, उघडा सोडलेला असेल, तर हे सगळे पाणी त्या एका कोपऱ्यातून आत जायला पाहते.

म्हणून सर्वप्रथम गच्चीचे सगळे पाइप जोडून पाणी घरापासून किमान दहा फूट दूर, उताराकडे न्यावे. पावसाचे पाणी जिरवण्याचा खड्डा केलेला असेल, तर तो तळघराच्या भिंतीशी नाही ना, हे पाहावे. असेल तर तो हलवावा. त्यानंतर भिंतीलगतची जमीन अशी भरून घ्यावी की दहा फुटांत सहा इंच उतार घरापासून बाहेर मिळेल. भिंतीच्या कडेने तीन फूट रुंदीची फरशी किंवा कोबा करावा, आणि भिंत व कोबा यांच्यामधली फट सीलंटने भरावी. तुळस, जास्वंद, कर्दळीचे वाफे भिंतीला टेकून असतील तर ते कुंपणाकडे न्यावेत. आमच्याकडे कर्दळीच्या वाफ्याला रोज पाइपने पाणी दिले जात होते आणि आम्ही उन्हाळ्यात येणाऱ्या ओलीचे कारण शोधत होतो.

इतक्यावर भागले नाही आणि भिंतीच्या बाहेर जागा असली, तर चर खणून भिंत बाहेरून उघडी करावी. भिंत धुऊन, सांधे भरून तिला बाहेरून जलरोधक थर द्यावा, चराच्या तळाशी छिद्रांचा पाइप उताराकडे नेऊन सोडावा, त्याभोवती खडी आणि कापड घालावे आणि मग माती लोटावी. चर एकाच वेळी सगळीकडे उघडू नये. आठ-दहा फुटांचे तुकडे करून काम करावे, आणि चार फुटांहून खोल चरात कडेला आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये. हे काम होळीनंतर सुरू करून वळीव लागण्यापूर्वी संपवणे उत्तम.

आतून करण्याचे काम

शेजाऱ्याची भिंत चिकटलेली असल्यामुळे बाहेरून खणता येत नाही, असे जुन्या वस्तीत बहुतेकांचे असते. मग आतूनच उपाय करावा लागतो, आणि त्याच्या मर्यादा समजून घ्याव्या लागतात. भिंतीमागे एक मीटर उंच पाणी साठले, तर त्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब असतो. हा दाब बाहेरच्या थराला भिंतीवर दाबून धरतो, पण आतल्या थराला मात्र भिंतीपासून ढकलतो. त्यामुळे साधा तेलरंग किंवा गच्चीसाठी मिळणारा रबरी रंग आतून लावला की तो फुगणारच.

आतून लावण्यासाठी भिंतीशी एकजीव होणारा सिमेंटचा थर लागतो. काँक्रीटच्या भिंतीला स्फटिक तयार करणारे रसायन चांगले, कारण ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी क्रिया करून छिद्रांत स्फटिक वाढवते. मात्र जुना रंग, पुट्टी किंवा चिरा यांच्यावर ते काम करत नाही. विटेच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला आधी दमदार सिमेंट गिलावा आणि मग पॉलिमरमिश्रित सिमेंटचे दोन हात द्यावेत. जुना गिलावा पोकळ वाजत असेल तर तो पूर्ण काढावा, सांधे अर्धा ते पाऊण इंच खरवडून पुन्हा भरावेत, भिंत ओली पण निथळती नसावी, आणि दुसरा हात पहिल्याला काटकोनात मारावा. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा गोलाई देऊन भरावा, कारण पाणी बहुतेक वेळा तिथूनच डोकावते. भिंत चुन्याच्या बांधणीची असेल, तर तिच्यावर सिमेंटचा कडक थर देण्यापेक्षा चुन्याचा गिलावाच बरा. कोंडलेले पाणी अशा भिंतीत वर चढून पहिल्या मजल्यावर निघते.

आडाच्या मोजमापात पाण्याची पातळी वर आढळली असेल, तर पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट देणे शहाणपणाचे ठरते. भिंतीच्या कडेने चार इंचांची नाली काढून ती एका कोपऱ्यातील दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात सोडावी. जागा उताराची असेल तर खड्ड्यातून पाइप सरळ खालच्या अंगाला बाहेर काढावा. त्याला वीज लागत नाही आणि तो मध्यरात्रीही काम करतो. उतार नसेल तर तरंगत्या स्विचचा पंप आणि पाणी परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह लागतो. मुसळधार पावसातच वीज जाते हे आपण जाणतो, म्हणून हा पंप पेलेल एवढा इन्व्हर्टर असावा. खड्ड्यावर मुलांना उचलता येणार नाही असे कुलूपबंद लोखंडी झाकण हवेच.

गिलावा झाल्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि मग वाळण्यासाठी वेळ द्यावा. नवीन काँक्रीटच्या दर इंचाला वाळायला साधारण महिना लागतो असा ठोकताळा आहे. चार इंचांचा नवीन कोबा केला असेल, तर पुढच्या महिन्यात त्यावर काही चिकटवण्याची घाई करू नये. रंगासाठी चुन्याची सफेदी हा माझा पहिला पर्याय आहे: ती भिंतीला श्वास घेऊ देते, तिच्या क्षारतेमुळे बुरशी सहज धरत नाही, आणि दर दिवाळीला स्वस्तात नवीन होते. हात लावला की पांढरा होतो ही तिची तक्रार खरी आहे, म्हणून खालच्या तीन फुटांना फरशी लावावी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपुरते (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंगाचे थर कोरडे घासू नयेत. ते ओले करून खरवडावेत, मुलांना त्या काळात तळघरात येऊ देऊ नये, आणि खरवड पिशवीत भरून टाकावी.

हवा आणि गॅस

खोली २० बाय १४ फूट आणि उंची साडेआठ फूट धरली, तर तिच्यात सुमारे ६७ घनमीटर हवा मावते. मुले पळत असताना ती ताशी सहा वेळा बदलायची असेल, तर पंख्याने ताशी सुमारे ४०० घनमीटर हवा बाहेर काढली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो, पात्यांच्या इंचांवर जाऊ नये. पंखा एका भिंतीत वर, आणि हवा आत येण्याची जाळी समोरच्या भिंतीत खाली ठेवावी. दोन्ही एकाच बाजूला असल्या तर हवा जवळच्या जवळ फिरून निघून जाते आणि दूरचा कोपरा कोंदटच राहतो.

पावसाळ्यात मात्र हा पंखा दिवसभर चालवू नये, हे अनेकांना उलटे वाटते. बाहेरची हवा दमट असताना ती गार तळघरात ओढली, तर तिच्यातले पाणी फरशीवर उतरते आणि खोली वाळण्याऐवजी भिजते. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र भिंतीवर लावावे आणि खेळताना पंखा चालवून नंतर बंद करावा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहिली तर बुरशी सहसा त्रास देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ती खाली येतच नसेल, तर हवेतली ओल शोषणारे यंत्र घ्यावे आणि त्याची नळी नालीत सोडावी.

सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. वर स्वयंपाकघरात गळती झाली तर तो जिन्यावरून पाण्यासारखा उतरतो आणि तळघरात साचतो. म्हणून राखीव सिलिंडर तळघरात किंवा जिन्याच्या तोंडाशी कधीही ठेवू नये, आणि गॅसची सूचना देणारे यंत्र लावायचे तर ते जमिनीपासून फूटभराच्या आतच लावावे. छताला लावलेले यंत्र फार उशिरा वाजते. गाडी, जनरेटर किंवा गॅस गीझर त्याच दालनात किंवा दाराशी असेल, तर त्यांच्या धुरातला वास नसलेला विषारी वायू आत येतो. गाडीची जागा आणि खेळखोली यांच्यात पक्की भिंत आणि घट्ट बसणारे दार असल्याशिवाय दोन्ही एकत्र ठेवू नयेत.

वीज आणि जिना

तळघराची वायरिंग वरच्या मजल्यावरून ओढलेल्या एखाद्या जादा तारेवर भागवू नये. स्वतंत्र सर्किट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग, एवढे हवेच. मुख्य स्विच वरच्या मजल्यावर असावा, म्हणजे खाली पाणी शिरले तर पाण्यात उतरून वीज बंद करण्याची वेळ येणार नाही. प्लगचे सॉकेट जमिनीपासून किमान चार फुटांवर आणि झडपेचे घ्यावेत.

उजेडात कंजुषी केली की खोली कायम तळघरच वाटते. २८० चौरस फुटांना खेळण्यापुरता उजेड मिळण्यासाठी भिंती पांढऱ्या असल्या तरी चांगल्या प्रतीच्या २० वॅटच्या चार एलईडी नळ्या लागतात, आणि कॅरमवर एक वेगळा दिवा. जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकच दिवा दोन्हीकडून चालू-बंद होईल असे स्विच, आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा एक दिवा जिन्यात असावा.

जिन्याच्या पायऱ्यांची उंची एकसारखी असणे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या जिन्यात शेवटची पायरी बहुधा दोन इंच कमी किंवा जास्त निघते आणि आजी तिथेच अडखळते. कठडा मोठ्यांसाठी तीन फुटांवर आणि मुलांसाठी दोन फुटांवर असा दुहेरी लावावा; गजांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवावे, म्हणजे डोके अडकत नाही. वरच्या टोकाला छोटे फाटक, आणि दाराला आतून व बाहेरून दोन्हीकडून उघडणारी कडी. उताराच्या बाजूला दुसरे दार किंवा माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी असल्याशिवाय मी कोणालाही खेळखोली करा असे सांगणार नाही. जिन्यात धूर भरला, तर बाहेर पडायला दुसरी वाट लागते.

जमीन

चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी दमट दिवसांत निसरडी होते. शहाबादी किंवा खडबडीत पृष्ठभागाची कोटा फरशी इथे अधिक योग्य, आणि ती सगळ्या बाजूंनी नालीकडे किंचित उतार देऊन बसवावी. तिच्यावर कोणतेही विनाइल, गालिचा किंवा लाकडी पट्ट्या चिकटवू नयेत, कारण खालून येणारी वाफ त्यांच्याखाली कोंडते आणि कुबट वास सुटतो. मुले पडतील अशा भागात पाऊण इंच जाडीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या गाद्या नुसत्या अंथराव्यात, महिन्यातून एकदा उचलून उभ्या कराव्यात आणि खालची फरशी पुसून घ्यावी. बाकी जागेला धुता येण्याजोग्या सतरंज्या पुरतात. घरात नवलगुंदचा जुना जमखाना, म्हणजे हातमागावरची नक्षीदार सतरंजी, असेल तर तो मात्र वरच राहू द्यावा. तळघराच्या ओलीत घालण्याची ती वस्तू नव्हे.

फरशी बसवतानाच गवंड्याकडून दोन दगडांवर आष्टा-चल्लसचा, म्हणजे कवड्या किंवा चिंचोके टाकून खेळायच्या बैठ्या खेळाचा, पट कोरून घ्यावा, असे मी आवर्जून सुचवतो. आमच्या गवंडीमामांनी तो तासाभरात छिन्नीने काढून दिला, आणि आता चिंचोके घेऊन त्यावर सर्वांत जास्त वेळ बसतात ते मुलांचे आजोबा.

खेळांची मांडणी

खोलीचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून मोठ्या वस्तू आधी बसवाव्यात. टेबल टेनिसचे टेबल ९ बाय ५ फुटांचे असते. २० बाय १४ च्या खोलीत त्याच्या दोन्ही टोकांना साडेपाच फूट उरतात, जे घरगुती खेळाला पुरते, पण मग दुसरे काहीही मांडता येत नाही. म्हणून दुमडणारे, चाकांचे टेबल घ्यावे किंवा ती हौस सोडावी. कॅरमला खेळण्याची जागा ७४ सेंटिमीटरची असली तरी चारही बाजूंनी माणसे बसणार, म्हणजे सात फूट चौरस जागा मोकळी हवी.

झोपाळा असावासा वाटतो. त्याच्या कड्या स्लॅबला भोक पाडून ठोकलेल्या खुंटीवर लावू नयेत. माणूस झोके घेताना पडणारा भार त्याच्या वजनापेक्षा बराच जास्त असतो. तुळईला आरपार बोल्ट घेऊन, अभियंत्याला विचारूनच कड्या बसवाव्यात, आणि झोक्याच्या पुढे-मागे कोणाचाही येण्याजाण्याचा रस्ता नसावा.

कपाटे भिंतीपासून दोन इंच सोडून, पायांवर उभी आणि वरून भिंतीला पट्टीने जखडलेली हवीत, कारण मुले खणांच्या पायऱ्या करून चढतात. लाकडी सामान बाहेरच्या भिंतींऐवजी आतल्या भिंतींना लावावे. प्लायवूड घ्यायचे तर सागरी दर्जाचे आणि त्याआधी वाळवीप्रतिबंधक फवारणी. पीओपीचे छत तळघरात करू नये. ते ओल धरते, आणि वर नळ गळत असला तर ते कळायला छत कोसळावे लागते.

पुस्तके, पत्त्यांचे डाव, कापडी बाहुल्या अशा ओल धरणाऱ्या वस्तू झाकणाच्या डब्यांत ठेवाव्यात. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणि तोफा यांना एक वेगळा डबा द्यावा, किल्ल्याची माती मात्र अंगणातच राहू द्यावी. लहानग्यांचा कोपरा जिन्याजवळ, म्हणजे वरून आवाज आला की ऐकू येईल असा, आणि मोठ्या मुलांचा दाराकडच्या बाजूला ठेवला तर दोघांची भांडणे थोडी कमी होतात, एवढे आमच्याकडे तरी दिसून आले आहे.

सगळे झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात भिंतीवरच्या खडूच्या जुन्या खुणांच्या जागी पुन्हा हात फिरवावा. त्यासाठी त्या जागांची मापे रंग देण्यापूर्वीच वहीत उतरवून ठेवलेली असावीत. एखादी जागा ओली लागली, तर मुलांच्या गाद्या तिथून चार फूट सरकवाव्यात आणि सर्वांत आधी गच्चीचा पाइप कुठे निसटला आहे का, ते बाहेर जाऊन पाहावे.